चारशे ऐंशी ग्रॅमचं मापटं

आमच्या घरात तराजू कधीच नव्हता. तराजूत घालावं असं घरात काही येतच नव्हतं, असं म्हटलं तरी चालेल. होतं ते एक मापटं. अर्ध्या शेराचं, पत्र्याचं, बुडाला एका अंगानं चेमटलेलं. सांगोल्याकडच्या माळावरचं आमचं गाव आणि आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की आई-वडील मेंढरं घेऊन भीमाकाठच्या बागायती गावांकडं निघायचे, ते मृगाच्या तोंडाला परत यायचे. तिकडचे शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. रानाला लेंड्यांचं खत मिळायचं आणि आम्हाला त्याबदल्यात ज्वारी. पायलीनं. वडील महिन्यातून एकदा पोतं घरी टाकून जायचे आणि आम्ही ते आमच्या मापट्यानं मोजायचो. पायलीला आठ मापटी भरायला हवीत. सात भरायची आणि आठवं निम्म्यावर थांबायचं. मोजून देणारा माणूस वरनं सपाट हात फिरवताना तळवा आत दाबायचा, मापात खळगा राहायचा. वडिलांना दिसायचं, पण बोलायचे नाहीत. उद्या त्याच रानात मेंढरं बसवायची असायची. त्या राहिलेल्या अर्ध्या मापट्याची भूक कशी असते ते मला माहीत आहे. त्यावर आणखी काही लिहायचा आता कंटाळा येतो.

मी मेंढरांमागं गेले नाही, शाळेत गेले, ते भामाआत्तीमुळं. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा ही एक बोचकं घेऊन भावाच्या दारात आली. मूलबाळ नव्हतं. मी सहा वर्षांची झाले तेव्हा ती वडिलांना म्हणाली, "हिला माज्याजवळ ठिवून जा. मेंढरं वळायला लई जण हायती, वाचायला कुणीच न्हाय." एवढ्यावर माझं आयुष्य ठरलं.

आत्ती गेली त्याला आता पाच आठवडे होतील. अकलूजच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. चाचणी परीक्षा चालू होती, वर्गात पर्यवेक्षण करत होते. फोन टेबलावर थरथरला. धाकट्या भावाचा, दत्ताचा. बाहेर व्हरांड्यात येऊन घेतला. "आक्का, आत्ती गेली," एवढंच म्हणाला. मी आत जाऊन उरलेल्या वीस मिनिटांचं पर्यवेक्षण केलं, उत्तरपत्रिका गोळा केल्या, मोजल्या, बांधल्या आणि मग एसटी पकडली. खरं सांगायचं तर त्या वेळी रडू आलं नाही. दोन वर्षं ती अंथरुणावर होती. अर्धांगवायूनं उजवं अंग गेलं होतं. दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी गावी जायचे आणि रविवारी रात्री परत यायचे. एसटीत बसल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं असेल, तर या शनिवारी जावं लागणार नाही… हे लिहायला नको होतं, पण लिहिलं. थकलेल्या माणसाचं मन असंच असतं. शेवटच्या शनिवारी मी तिला मऊ भात भरवला होता. तिचा उजवा हात चादरीवर अर्धवट मिटलेला पडला होता, मुठीत काहीतरी धरल्यासारखा. मी बोटं सरळ करायची आणि ती पुन्हा हळूहळू मिटायची.

त्या हाताबद्दलच मला लिहायचं आहे.

मी आठवीत असताना आत्तीला गावच्या शाळेत खिचडी शिजवायचं काम लागलं. जोडीला शांताबाई होती. चूल, पाणी, भांडी तिच्याकडं, आणि धान्य मोजणं, शिजवणं आत्तीकडं. शाळेत माप नव्हतं म्हणून आत्तीनं घरचं मापटं नेलं. पोत्यात मापटं घालायची, वरनं हात फिरवायची आणि पातेल्यात ओतताना मोजायची. पहिल्या मापाला एक म्हणायची नाही, आमच्याकडं म्हणतच नाहीत. "लाभ… दोन… तीन…" अशी तिची मोजणी मधल्या सुट्टीआधी वर्गात ऐकू यायची. पोरं पाढे सोडून तिच्याबरोबर मोजायची. आधीचे गुरुजी बिनघोर माणूस होते. महिनाअखेरीला किती पोती रिकामी झाली ते बघायचे आणि मागच्या तारखांना भागून वहीत भरायचे. त्यामुळं सगळं नेहमी जुळायचं.

मग त्यांची बदली झाली आणि कोकणातले एक हेडसर आले. काटेकोर माणूस. त्यांनी सांगितलं, सरकारचा नियम दर मुलामागं शंभर ग्रॅम तांदळाचा आहे, तर रोज तेवढाच निघाला पाहिजे आणि रोजचा रोज वहीत लागला पाहिजे. शाळेचा काटा गंजून बसला होता. आत्तीला ग्रॅम कळत नव्हते आणि हेडसरांना मापटं कळत नव्हतं. मी तेव्हा सोलापूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, वसतिगृहात राहायचे. सुट्टीला घरी आले तर हेडसर दारात. म्हणाले, "तू सायन्सची ना? मावशींच्या मापात किती ग्रॅम बसतात तेवढं काढून दे."

आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजात गेलेली मी पहिली. माझं शिक्षण बघून कुणी माझ्याकडं काही मागायची ती पहिलीच वेळ. किराणा दुकानदाराकडनं इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. शाळेच्या ओट्यावर बसून आत्तीला मापटं भरायला लावलं. तिनं भरलं, हात फिरवला, माझ्या हातात दिलं. मी मापट्याचं वजन वजा करून तांदळाचं घेतलं. असं पाच वेळा केलं, सरासरी काढली. चारशे ऐंशी ग्रॅम. मग मूगडाळ घेतली, ती पाचशे दहा भरली.

आत्ती काट्याकडं बघत म्हणाली, "सुमे, माप त्येच, मग वजन दुसरं कसं गं?"

मी घनता समजावायला लागले. कणांच्या मधल्या मोकळ्या जागा, हवा, असं बरंच काही. तिनं मध्येच हात केला. "बास बास. म्हंजी मापटंभर लोकर न् मापटंभर ज्वारी. ह्ये मला आदीपासनं ठावं हाय. त्याला सोलापूरला कशाला जायाला पायजे?"

शांताबाई चुलीपाशी खो खो हसली. मीही हसले. मग पुठ्ठ्यावर तक्ता काढला. हजेरी चोवीस, मापटी पाच. अठ्ठेचाळीसला दहा, बहात्तरला पंधरा, शहाण्णवला वीस. मधले आकडेही काढले, डाळीचा वेगळा रकाना केला, तेलाचं माप चहाच्या ग्लासात करून दिलं. खाली माझं पूर्ण नाव आणि कंसात बी.एस्सी. (दुसरे वर्ष). हेडसरांनी तक्ता स्वयंपाकखोलीच्या भिंतीला लावला. आत्तीला वाचता येत नव्हतं, पण येईल त्याला ती बोट लावून दाखवायची. "आमच्या सुमीनं केलंय."

जूनमध्ये तक्ता लागला. सप्टेंबरात तालुक्याहून तपासणी आली. साहेबांनी पोती मोजली, वही बघितली. तांदूळ पन्नास किलोचं एक पोतं आणि वर सहा किलो कमी. हेडसरांनी वहीत रोज तक्त्याप्रमाणं बरोबर लिहिलं होतं, त्यामुळं कुठं लपायला जागाच नव्हती. शाळेच्या समितीची बैठक व्हरांड्यात बसली. आत्ती खांबाला टेकून उभी. ती म्हणाली, "म्या तक्त्यापरमानं मोजती. एक मापटं इकडचं तिकडं न्हाय." समितीतला एक जण, ज्याच्या सुनेला हे काम हवं होतं, तो म्हणाला, "तक्ता तुमच्याच पोरीनं लिवलाय की, भामाबाई. पोरगी खरी का तुमी खऱ्या? दोघीतलं कोन तरी एक सांगा." सगळे हसले म्हणे. साहेबांनी आठ दिवसांची मुदत दिली. तोवर खुलासा झाला नाही तर काम काढून घ्यायचं आणि कागदावर कारण लिहायचं, धान्याचा अपहार.

दत्तानं वसतिगृहाच्या फोनवर कळवलं. मी आले तोवर गावभर झालं होतं सगळं. आत्ती नळावर गेली की बाया गप्प व्हायच्या. मी रात्री जेवताना आत्तीकडं बघत होते. तिच्या मानधनातनं माझं वसतिगृह चाललं होतं, हे मला माहीत होतं. माझा तक्ता बरोबर होता, हेही मला माहीत होतं. पाच वेळा मोजलं होतं मी. मग तांदूळ जाणार कुठं? मी विचारलं, "आत्ती, खरं सांग. माझ्यासाठी… काही विकलं-बिकलंस का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या ताटात भाकरी वाढली, स्वतःचं ताट उचलून ठेवलं. मग म्हणाली, "गावानं इचारलं त्याचं काय न्हाय. तू इचारायला नगं व्हतंस."

पंधरा वर्षं झाली. अजून ते वाक्य शिळं होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तो काटा मागून आणला. हेडसर स्वयंपाकखोलीत खुर्ची टाकून बसले. म्हणाले, "आज डोळ्यांसमोर होऊ दे." शहाण्णव पोरं हजर होती, म्हणजे वीस मापटी, नऊ किलो सहाशे. आधी पोत्याचं वजन केलं. काटा लहान, म्हणून चार पाट्यांत करून घ्यावं लागलं. मग आत्ती बसली. "लाभ… दोन… तीन…" आवाज नेहमीसारखा नव्हता, पण हात नेहमीसारखा चालला होता. वीस झाली. उरलेल्या तांदळाचं पुन्हा वजन केलं. दहा किलो चारशे गेले होते. मी पुन्हा केलं. तेच. आठशे ग्रॅम जास्त. खाली एक दाणा सांडलेला नव्हता. मापटी मी स्वतः बोटांवर मोजली होती, वीसच्या वीस. आत्ती म्हणाली, "बगा. तुमच्याम्होरंच वतलं की नाय?"

हेडसर खुर्चीतनं उठले. पातेल्याजवळ आले. म्हणाले, "मावशी, ती मूठ कसली?"

"कंची मूठ?" आत्ती म्हणाली.

"कुठली मूठ, सर?" मी म्हणाले.

त्यांनी दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. "प्रत्येक माप ओतलं की त्यावर तुम्ही एक मूठ टाकता. वीस वेळा टाकलीत."

मी आत्तीच्या हाताकडं बघितलं. ती मूठ मी लहानपणापासनं बघत होते. घरी ज्वारी दळणाला काढताना, शेजारणीला उसनं देताना, मापट्यावर तिची मूठ पडायचीच. इतकी रोजची होती की मला ती दिसतच नव्हती. श्वास कुणी मोजत नाही, तसं ते. काट्यावर मोजताना तिनं मापटं माझ्या हातात दिलं होतं, पातेल्यात ओतलं नव्हतं. म्हणून मूठ पडली नव्हती. आणि मी पाच वेळा मोजून, सरासरी काढून, खाली नाव घालून मोकळी झाले होते.

"ती व्हय!" आत्ती म्हणाली. "ती मापात न्हाय, गुरुजी."

"मग कशात आहे?"

"ती वरची. उगडं माप घालू न्हाय. माज्या बानं सांगितलंय. लोकांनी आमास्नी खळगा पाडून मापं दिली. आपन कुनाला घालताना वर मूठ टाकावी, म्हंजी खळगा ऱ्हात न्हाय. आन् ती मोजू न्हाय. मोजली की ती मापात गेली, मग काय उपेग?"

मूठ काट्यावर घेतली. चाळीस ग्रॅम. दुसरी घेतली, चाळीस. तिसरी एकेचाळीस. वीस मुठी, आठशे ग्रॅम, शाळेचे सत्तर दिवस. छप्पन्न किलो. हेडसरांनी गुणाकार वहीच्या मागं केला, पेन खाली ठेवलं आणि चष्मा काढून पुसत बसले. शांताबाई तेवढी बोलली, "म्हंजी चोर सापडला. लेकरांच्या पोटातच बसलाय."

साहेबांनी खुलासा मान्य केला. अपहार लिहिला नाही. पण बजावलं, की शंभर ग्रॅम म्हणजे शंभर, मूठ बंद. आत्तीनं मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी पाचव्या मापाला मूठ पडली. तिला कळलं, तिनं ती वेचून काढायचा प्रयत्न केला, आणि नवव्याला पुन्हा पडली. हात ऐकत नव्हता. मग मीच तोड काढली. मला तेव्हा ती फार हुशारीची वाटली होती. चारशे चाळीस ग्रॅम तांदूळ मापट्यात ओतून जिथवर आला तिथं आतनं तांबड्या रंगाची रेघ मारली. रेघेपर्यंत भरायचं, ओतायचं, वर आत्तीची मूठ टाकायची. चारशे चाळीस आणि चाळीस. चारशे ऐंशी. तक्त्यातला एक आकडाही बदलावा लागला नाही. आत्ती हात मोकळा सोडू शकत होती आणि वही जुळत होती. हेडसर म्हणाले, "शाब्बास!"

आत्तीनं मापटं हातात घेऊन आत बघितलं. बोट रेघेवरनं फिरवलं. म्हणाली, "म्हंजी माज्याच मापातनं काढून माजीच मूठ घालायची."

"हिशोब जुळतो, आत्ती."

"जुळतो की. मी कुटं न्हाय म्हनती."

काम राहिलं. मी बी.एस्सी. झाले, मग बी.एड. केलं, नोकरीला लागले. आत्ती त्या रेघेपर्यंत भरत राहिली. तपासण्या आल्या, गेल्या, कधी काही कमी निघालं नाही. तक्ता पिवळा पडला, कोपरे झिजले, तरी तिनं उतरू दिला नाही. मला मात्र ती त्यानंतर कधी "आमच्या सुमीनं केलंय" असं म्हणताना ऐकू आली नाही. मीही विचारलं नाही. मधे एकदा सणाला घरी आले असताना माफी मागायचं ठरवलं होतं. पुरणाच्या गडबडीत राहून गेलं… माणूस समोर असतो तोवर असलं राहूनच जातं. मग अर्धांगवायूनं तिची वाचा अडखळली आणि काय बोलायचं ते सगळं माझ्याच बाजूला पडलं.

दहाव्याला शांताबाई आली. तीही आता थकली आहे, काठी टेकत आली. जेवणं झाल्यावर माझ्याशेजारी बसली आणि आपणहून म्हणाली, "बाई, तुमी ती रेघ मारली न्हवं, त्याच्या दुसऱ्या दिशीपासनं भामाआक्का पदराच्या शेवटाला गाठ मारून यायची."

"कसली गाठ?"

"तांदळाची. तुमच्या घरचं रेशनचं तांदूळ. समदी मापं झाली, की गाठ सोडायची आन् पातेल्यात टाकायची. 'ह्ये माजं हाय,' म्हनायची, 'ह्ये कुणाच्या मापात न्हाय.' मला म्हनली, सुमीला सांगू नगंस, ती वजन करंल."

मी विचारलं, "किती असायचं?"

विचारल्यावर मला माझीच लाज वाटली. शांताबाईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं शिकलेल्या माणसाकडं बघतात. "मूठभर की. आनि किती?"

तेरा वर्षं. रोज. आणि मला आठवलं, की सुट्टीला घरी आले की आत्ती भात माझ्या एकटीपुरता शिजवायची. स्वतः भाकरीच खायची. "मला भात बादतो," म्हणायची. मी तिला सांगितलंही होतं, तांदळानं असं काही होत नसतं म्हणून.

मापटं मी अकलूजला घेऊन आले. ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी ठेवलं आहे. आतली रेघ निम्मी उडाली आहे, पण दिसते. शेजारी माझा स्वयंपाकघरातला काटा आहे, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा. परवा रविवारी रेघेपर्यंत तांदूळ भरला, काट्यावरच्या पातेल्यात ओतला, वर मूठ टाकली. चारशे चौऱ्याहत्तर. पुन्हा केलं. चारशे चौऱ्याहत्तर. माझी मूठ चौतीस ग्रॅमची भरते. आणखी थोडे दाणे टाकून मी आकडा पुरा करू शकले असते. केला नाही. काटा बंद केला, आत्ती टाकायची तशी आणखी एक मूठ टाकली आणि भात लावला.

शाळेत आता नवा काटा आला आहे, तक्त्याची गरज उरलेली नाही. दत्ताची दोन्ही मुलं त्याच शाळेत जेवतात. मी आमच्या भावकीतली पहिली पदवीधर. आणि भामाआत्तीनं त्या शाळेत एकोणीस वर्षं खिचडी शिजवली, त्यात एकाही दिवशी एकाही पोराला शंभर ग्रॅमपेक्षा कमी मिळालं नाही.